मोटर लाव

प्रिय टकटक्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझं तोंड वाकडं झालं असेल. ताईने फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर मी ओरडते, तू "हं, हं" करतोस आणि मग फोन टेबलावर तसाच ठेवून दुसऱ्या खोलीत निघून जातोस, हे मला आता तुझ्या बायकोकडून कळलंय. म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या जेवणाच्या टेबलाला झापत होते. म्हणून हे पत्र. मधेच उठून गेलास तरी परत आल्यावर मी इथेच असेन.

घशाशी आलंय ते आधी बाहेर काढते. आपल्या जुन्या बँडच्या त्या गाणाऱ्या मोराच्या कार्यक्रमाला तू हो म्हणालास हे ऐकून मला किळस आली. मोराची तर येतेच, त्यात नवीन काही नाही, पण या वेळी पहिल्यांदा तुझी आली. आणि मी काही नाजूक नाकाची बाई नाही. ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवते. कुणाच्या खिशात चॉकलेट विरघळून पार अस्तरात शिरलेलं असतं, कुणी ओकारीने भरलेला सूट नीट घडी घालून आणतो आणि माझ्या तोंडावर सांगतो, चहा सांडलाय. मी हसून पावती फाडते. मला सहसा काही ओंगळ वाटत नाही. परवा मात्र दुकानात परत येऊन कोपरापर्यंत हात धुतले, तरी बरं वाटेना.

झालं असं, की मोराने मला घरी बोलावलं होतं. आपल्या बँडवर माहितीपट निघतोय आणि त्याच्याबरोबर आपला पुन्हा कार्यक्रम, तुला ठाऊक असेलच, तूच तर सगळ्यांच्या आधी नाचत हो म्हणालास. मी गेले ते निव्वळ बघायला, की माणूस म्हातारपणी किती खाली जाऊ शकतो. दार त्यानेच उघडलं. केस इतके काळे की बुटाला लावायचं पॉलिश थेट डोक्याला लावलंय की काय असं वाटावं. अजूनही बोलता बोलता मागच्या काचेत स्वतःला बघतो. आपण त्याला मोर म्हणायला लागलो तेव्हा तो चिडायचा, आता म्हणे त्याच्या अंगठीवर मोर कोरलाय. आत पांढरे सोफे, पांढरे गालिचे, आणि एका भिंतीवर बुरशी. मी दचकलेच. मग जवळ जाऊन नखाने खरवडून पाहिलं. रंग होता. पेंटर बोलावून रंगवून घेतलीय त्याने. हिरवी, काळी, कडेला थोडी पिवळी, अगदी आपल्या तालमीच्या, बर्फवाल्याच्या खोलीसारखी, आणि त्यासमोर खुर्ची टाकून त्याची मुलाखत चालते. टेबलावर मेणबत्त्या विकायला ठेवलेल्या. वास काय, तर ओल. आपल्या पहिल्या रेकॉर्डचं नाव ओल, म्हणून ओलीच्या वासाची मेणबत्ती. मी हुंगून पाहिली. बाथरूममध्ये टाकायच्या गोळ्यांचा वास होता.

त्या खोलीत मी तीन हिवाळे खोकत काढले रे. लोक आता विचारतात, बँडचं नाव 'बुरशी' कसं सुचलं, जसं काही आपण डोळे मिटून चिंतन वगैरे केलं होतं. भिंतीवर होती, म्हणून ठेवलं. बर्फवाल्याच्या कारखान्यामागची ती खोली कुणी भाड्याने घेत नव्हतं, कारण पलीकडे बर्फाचं यंत्र दिवसभर घुमायचं आणि खालून पाणी झिरपायचं. चार टाळकी आपण, मी बेस गिटार घेऊन, तू ड्रम्सवर, मौनी गिटारवर आणि मोर गळा काढायला. पहिल्याच आठवड्यात मौनीने सूर जुळवायचा तो एकुलता एक ट्यूनर पाण्यात पाडला, आणि नेहमीप्रमाणे एक शब्द बोलला नाही. नाव काय उगाच मौनी ठेवलं होतं? आपण विचार करत बसलो, आता तारा कशाला लावायच्या. आणि तू, ज्याला तारा लावायच्याच नव्हत्या, काड्या मांडीवर आपटत म्हणालास, अगं, ती मोटर एकच सूर धरून बसलीय की सकाळपासून, तिलाच लावा. लावल्या. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, की ती मोटर दोन पट्ट्यांच्या बरोबर फटीत घुमतेय? ना धड इकडे, ना तिकडे. आपण सगळे सारखेच चुकलेले, त्यामुळे एकमेकांना अगदी बरोबर वाटत होतो.

खोलीबाहेर वाजवायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. मोटर काही पाठीवर घेऊन जाता येत नव्हती. त्या शाळेच्या हॉलमध्ये आपण चौघं भांबावून गेलो होतो आणि तू ड्रम्सच्या मागे बसल्या बसल्या ओठ मिटून तो सूर काढलास. हुबेहूब. तीच घुमणारी, जरा नाकातली मोटर. आई पहिल्या रांगेत होती, तिला वाटलं तुझ्या पोटात दुखतंय, ती उठून ओवा शोधायला निघाली होती. मी तुझ्या तोंडाजवळ कान नेऊन तार लावली, माझ्यावरून मौनीने लावली, आणि मोराने घसा साफ केला. त्या दिवसापासून ती रीतच पडली. काही झालं तरी आधी तू. "टकटक्या, मोटर लाव," मी म्हणायचे, आणि समोर कितीही दंगा चाललेला असो, तू डोळे मिटून घुमायला लागलास की मागच्या रांगेतली पोरं पुढच्यांना गप्प करायची. ढोल बडवणारा पोरगा सूर देतोय आणि गाणारा तो घेतोय, असं दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये असेल असं मला नाही वाटत.

आणि तो कीबोर्डवाला आठवतो का? मोठ्या हौसेने आला होता आपल्याबरोबर वाजवायला. त्याची पेटी कारखान्यात जुळलेली, आपली बर्फाच्या कारखान्यात. तो एक पट्टी दाबायचा, चेहरा आंबट करायचा, शेजारची दाबायचा, आणखी आंबट करायचा. शेवटी दोन्ही हात वर करून म्हणाला, तुमचं सगळं गावच वाकडं आहे, आणि वायर गुंडाळून घरी गेला. आपण हसून हसून जमिनीवर लोळलो. मोरसुद्धा लोळला. हे मुद्दाम लिहितेय, कारण तेव्हा तो लोळू शकायचा. नंतर त्याला कपड्यांची काळजी पडली.

आता ऐक. त्याच मोराने माहितीपटात काय सांगितलंय? तो खोटी बुरशी मागे घेऊन बसलाय, डोळे अर्धे मिटलेत, आणि म्हणतो, मला लहानपणापासून दोन सुरांमधला एक सूर ऐकू यायचा, जगाच्या भेगेतून येणारा, मी तो बँडला शिकवला. जगाच्या भेगेतून! बर्फवाल्याची मोटर होती ती, तिला दर आठवड्याला तेल लागायचं. मौनीही आला होता, शेजारी बसून मान डोलावत होता. आणि हो, मौनी आता मौनी राहिलेला नाही. विमा विकतो आणि अखंड बोलतो. आयुष्यभर साठवून ठेवलेलं सगळं आता ओततोय आणि त्यात एक वाक्य कामाचं नाही. मी त्याला विचारलं, अरे सूर कोण द्यायचं? तर माझ्याकडे बघून ऑलिव्हची बी तोंडातून बशीत टाकली आणि म्हणाला, आठवणींचं काय गं, प्रत्येकाची वेगळी असते. त्या बशीत बियांचा ढीग होता, चोखून चोखून टाकलेल्या.

मग त्यांनी 'ओल'ची नवी आवृत्ती ऐकवली. दुरुस्त केलेली, हा त्यांचा शब्द. तुला आठवतंय ना, रेकॉर्ड कशी सुरू होते? आधी नुसता तू. गाणं नाही, काही नाही, तू घुमतोयस आणि त्यावर माझी तार हळूहळू चढत येऊन मिळते. बर्फवाल्याने स्वतः जाऊन विकत आणली होती ती रेकॉर्ड, आपल्या मोटरचा आवाज छापून आला म्हणून. टकटक्या, ते कापलंय. सरळ गिटारपासून सुरू होतं. आणि सगळी गाणी मशीनने उचलून बरोबर पट्टीवर बसवलीत, एकही फटीत नाही. ऐकताना वाटलं, कुणीतरी आईचा फोटो घेऊन तिचं नाक सरळ केलंय. मोर म्हणाला, आता कुठल्याही गाण्याबरोबर वाजेल, लोकांच्या कानाला खटकणार नाही. जुनी आवृत्ती सगळीकडून काढून घेतलीय म्हणे. मी तुझ्या आवाजाबद्दल विचारलं, तर म्हणाला, अगं तो सुरुवातीचा गोंगाट ना, तो साफ केला. सफाईची भाषा मला शिकवतोय! मी डाग काढते, कापड नाही कापत.

गोंगाट हा शब्द त्याला आज सुचलेला नाहीच मुळी. तुला आठवत असेल, नसेल आठवत असं म्हणायचा वेडेपणा मी करणार नाही. दुसऱ्या रेकॉर्डला कंपनीने तो चष्मेवाला पाठवला होता, सगळं सांभाळायला. मोठा स्टुडिओ, मऊ भिंती, थुंकी गिळली तरी आवाज यावा इतकी शांतता. नेहमीसारखं तू डोळे मिटून सुरू केलंस आणि काचेपलीकडून चष्मेवाला म्हणाला, हा रेडा कोण रेकतोय? त्याचं सोड, तो भाडोत्री माणूस. पण हसला कोण? मोर हसला. सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने, चष्मेवाल्याला खूश करायला. वर म्हणाला, ड्रमवाल्याने बडवावं, सुरात नाक खुपसू नये, हा गोंगाट बंद कर. मी हातातला कप फेकला, तो नेमका मौनीच्या गिटारवर फुटला आणि मग जी जुंपली ती जुंपली. मौनीने मला ढकललं, तू मौनीला धरलंस, मोर खुर्चीवर चढून आपला शर्ट वाचवत होता. त्यानंतरचा बँड म्हणजे रोजची भांडणं होती नुसती. आज हा निघून जातोय, उद्या तो परत येतोय, दौऱ्यावर एका गाडीत चौघं आणि चौघांची तोंडं चार खिडक्यांकडे. लोक त्याला आता वादळी इतिहास म्हणतात. कसलं वादळ? नासलेल्या दुधाला उकळी आली तर त्याला कुणी वादळ म्हणतं का?

पण मला त्या भांडणांचं काही वाटत नाही. मला वाटतं ते हे, की त्या दिवशी तू गप्प झालास. आपण ट्यूनरने तारा लावायला लागलो, सगळं चोख, सगळं बरोबर, आणि तू मागे मान खाली घालून वाजवत राहिलास. मी कितीदा वळून म्हटलं, लाव की मोटर. तू काड्या दाखवायचास. म्हणजे, माझं काम हे.

आणि तिसरी रेकॉर्ड. हे आपण दोघं एवढी वर्षं गिळून बसलोय आणि ते आत सडतंय. तू बूट घ्यायला गेला होतास. दुकानात आपलं नवं गाणं लागलं आणि त्यातले ड्रम्स तुझे नव्हते, मशीनचे होते. सबंध रेकॉर्डवर मशीन, आणि तुला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. एका पायात नवा बूट आणि एका पायात जुना, तसाच तू माझ्या घरी आलास, मागोमाग दुकानदार धापा टाकत. मी त्याला बूट परत दिला. तू माझ्याकडे बघितलंस आणि काही न विचारता निघून गेलास. मग दुसरं गाव, फरशा बसवायचं काम, लग्न, सगळं मला मागाहून कळत गेलं. तू धरून चाललास की ताईला माहीत होतं. वेड्या, मला माहीत नव्हतं. माझा बेस त्यांनी वेगळ्या खोलीत घेतला, कानात ठेक्याची टिक-टिक लावून. म्हणाले, तुझ्या भावाचे ड्रम्स नंतर चढवायचेत. तुला म्हणाले असतील, अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी मी मोराच्या दारात जाऊन त्याच्या पायरीवर थुंकले आणि बँड सोडला. हे मी तुला तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं, पण तू विचारलं नाहीस याचाच मला इतका राग होता, की माझ्यावर असा संशय घेऊच कसा शकतो हा, अशी मी फुगून बसले. आपण दोघं एकाच आईची. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही.

तर अशा त्या माणसाला तू पहिल्याच फोनला हो म्हणालास. मोराने मला ते सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं तूप बघायला हवं होतंस. कार्यक्रमाचा सगळा आराखडा दाखवला त्याने मला. प्रेक्षागृहही दाखवायला नेलं. तुझ्यासाठी पेटी केलीय. खरंच सांगते, काचेची पेटी, चारी बाजूंनी बंद, आत ड्रम्स. म्हणे ड्रम्सचा आवाज बाकीच्यांच्या माइकमध्ये सांडायला नको. आत तुझ्या कानात टिक-टिक असणार आणि त्या पेटीत तुझ्या तोंडापाशी माइक नाही, मी विचारून घेतलं. दुकानात आम्ही फर कोट असेच काचेआड लावतो, गिऱ्हाइकाने नुसतं बघावं म्हणून. माझा भाऊ त्यात बसणार आणि मोर भेगेतला सूर काढणार. मी तिथून निघाले ती थेट दुकानात आले आणि तुला शिव्या द्यायला हे पत्र लिहायला घेतलं. पहिले दोन कागद फाडले, त्यातल्या शिव्या तुझ्या घरात मुलं आहेत म्हणून बऱ्या दिसत नव्हत्या.

तिसरा कागद घेतला आणि तुझ्या बायकोचा फोन आला. तिला कळलं होतं मी भडकणार. म्हणाली, ताई, त्याला बोलू नका. तो हल्ली जेवताना चमच्यांनी ताट वाजवतो, पोरं हसतात, तोही हसतो. फरशी पोकळ आहे का ते बघायला टकटक करतो ना, तेही आता तालात करतो, मालक वैतागतात. मी म्हटलं, आणि घुमतो का? तिला कळेना. मी फोनवर काढून दाखवायचा प्रयत्न केला, ओठ मिटून. ती म्हणाली, छे, हा कधीच गुणगुणत नाही, अंघोळीतसुद्धा नाही, मला तर वाटायचं याला सूरच नाही. एवढी वर्षं संसार केला त्या बाईने तुझ्याबरोबर आणि तिला वाटतं तुला सूर नाही. मी फोन ठेवला आणि रडले. कुणी गिऱ्हाईक आलं नाही हे नशीब.

मग मागच्या खोलीत गेले. लोक न्यायला विसरलेल्या कोटांमध्ये माझा बेस टांगलेला असतो. तारा गंजून गेल्या होत्या, नव्या आणून चढवल्या. लावायला बसले तर सूर सापडेना. फटीत हवा एवढं कळतं, पण फट कुठे आहे तेच आठवेना. दुकानातलं धुण्याचं मशीन चालू करून त्याच्याशी जुळवून पाहिलं, ते काही खरं नव्हतं. जुनी रेकॉर्ड माझ्याकडे उरलेली नाही, आणि नव्या आवृत्तीत तर तो सूरच नाही. बर्फवाल्याचा कारखाना पाडला, तिथे दातांचा दवाखाना आहे. म्हणजे जगात तो सूर आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे आणि त्या ठिकाणी तू तोंड मिटून बसलायस.

म्हणून सांगते, मी काल मोराला फोन करून येते म्हटलं. तो खूश झाला, गाढव. तुला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. तुला वाजवायचंय, वाजव. त्या पेटीत तू एकटा बसणार नाहीस, एवढंच मी बघणार आहे. पण मी बेस आणेन तो सैल तारांचा, एकही खुंटी न पिळलेला. कुणी ट्यूनर घेऊन जवळ आला तर त्याचा हात चावेन. दिवे लागले की मी लोकांकडे पाठ करून तुझ्या पेटीसमोर येऊन उभी राहीन. मोर डोळे वटारेल, मौनी काहीतरी बडबडेल, लोक शिट्ट्या मारतील, मी हलणार नाही. माझ्या तारा लोंबत राहतील आणि सगळ्यांसमोर माझी शोभा होईल, ती होऊ दे. पेटीचं दार आतून उघडतं, मी स्वतः उघडून पाहिलंय. ते उघड, माझ्या कानाशी ये, आणि मोटर लाव.

तुझ्या दारात उभी असणारी, तुझीच
ताई